गटाचा कॅमेरा कपाटाबाहेर काढूया



आज कर्जाबद्दल बोलायचं नाही आणि व्याजाबद्दलही नाही. आज बोलायचंय ते गटाच्या कपाटात, इतिवृत्ताच्या वह्यांमागे पडून असलेल्या एका छोट्या वस्तूबद्दल. मुठीत मावणारा, बटण दाबलं की पुढून नळी बाहेर येणारा डिजिटल कॅमेरा. कुठल्या गटानं तो कार्यक्रमांसाठी घेतलेला असतो, कुठे एखाद्या संस्थेनं दिलेला असतो, तर कुठे घरात मोबाईल आल्यावर तसाच पडून राहिलेला असतो.

तुम्ही म्हणाल, ताई, आता मोबाईल असताना याची काय गरज? प्रश्न बरोबर आहे. पण मला सांगा, आपल्यापैकी कितीजणींचा मोबाईल फक्त आपला आहे? बैठकीचा फोटो सचिवताईच्या मुलाच्या फोनमध्ये, पापडाचा फोटो मालकांच्या फोनमध्ये, आणि शेततळ्याचा फोटो ज्या फोनमध्ये होता तो पाण्यात पडला! वर्षाच्या शेवटी अहवाल करायची वेळ आली की आपलंच काम दाखवायला आपल्याकडे काही नसतं. गटाचा कॅमेरा गटाच्या मालकीचा असतो. त्यातले फोटो गटाचे राहतात. शिवाय या कॅमेऱ्यात खरा झूम असतो, चांगला फ्लॅश असतो, आणि फोटो काढताना मध्येच कुणाचा फोन येत नाही.

मग तो वापरात का नाही? कारण काढलेले फोटो बरे येत नाहीत. चेहरे काळे येतात, पापड मळकट दिसतात, बियाणं धूसर दिसतं. बहुतेक वेळा कॅमेरा खराब नसतो. त्यावरची चार-पाच चिन्हं आपल्याला कुणी समजावून सांगितलेली नसतात, एवढंच. तीच आज समजून घेऊ. कॅमेरा जवळ असेल तर हातात घ्या आणि ऐकता ऐकता करून बघा.

बटण दोन टप्प्यांत दाबा

फोटो काढायचं बटण एकदम खाली दाबायचं नसतं. ते आधी अर्धं दाबायचं. अर्धं दाबलं की कॅमेरा समोरची वस्तू किती लांब आहे ते ठरवतो, उजेड मोजतो आणि तयार झाला की 'पिक' असा बारीक आवाज करतो. पडद्यावर हिरवी चौकट दिसते. मग श्वास रोखून बटण पूर्ण दाबायचं. धूसर फोटोंचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे ही अर्ध्या टप्प्याची घाई.

यातच आणखी एक सोय आहे. समजा ताईला फोटोत डाव्या बाजूला घ्यायचंय आणि उजवीकडे तिची शेळी दिसायला हवी. तर आधी ताईला मधोमध धरून बटण अर्धं दाबा, बोट न उचलता कॅमेरा हळूच सरकवा, आणि मग पूर्ण दाबा. ताई स्पष्ट येते, शेळीही चौकटीत येते.

चेहरे काळे का येतात

आता मुख्य गोष्ट. कॅमेऱ्याला माणूस कळत नाही, त्याला उजेड कळतो. समोर जे काही आहे त्या सगळ्याच्या उजेडाची तो गोळाबेरीज करतो आणि सरासरी काढतो. ही सरासरी पांढरीही नाही आणि काळीही नाही, राखाडी यायला हवी, असं तो धरून चालतो. त्याची ही खोड एकदा ओळखली की निम्मे प्रश्न सुटतात.

आपली बैठक समाजमंदिरात असते. अध्यक्षताई दारासमोर बसतात आणि पाठीमागून लख्ख ऊन येतं. कॅमेरा म्हणतो, बाप रे, केवढा उजेड! आणि तो सगळंच चित्र अंधारं करतो. दारातलं अंगण छान दिसतं आणि ताईंचा चेहरा काळा पडतो. त्यांच्या हातात कर्जवाटपाचा धनादेश आहे, पण धनादेश घेणारी कोण ते ओळखू येत नाही. अशा फोटोचा अहवालात काय उपयोग?

यावर तीन उपाय आहेत. पहिला फुकटचा: बसण्याची दिशा बदला. दार किंवा खिडकी फोटो काढणारीच्या पाठीशी यायला हवी, म्हणजे उजेड चेहऱ्यावर पडतो. दुसरा: दिशा बदलता येत नसेल तर दिवसाउजेडीही फ्लॅश चालू करा. विजेच्या कडाडीसारखं, नागमोडी बाणाचं चिन्ह असतं ते फ्लॅशचं. नुसता 'ऑटो' ठेवला तर भरपूर उजेड बघून कॅमेरा फ्लॅश उडवतही नाही. म्हणून तो आपण सक्तीनं चालू करायचा. भर दुपारी डोक्यावरच्या पदराची सावली चेहऱ्यावर पडते, तेव्हाही हाच उपाय. मात्र लहान कॅमेऱ्याचा फ्लॅश साधारण तीन मीटर, म्हणजे आठ-दहा फुटांपर्यंतच पोहोचतो. रात्रीच्या हळदीकुंकवात मागच्या रांगेपर्यंत तो जात नाही.

तिसरा उपाय म्हणजे अधिक-उणेचं बटण. एका लहान चौकोनात + आणि − अशी खूण असते. बऱ्याच कॅमेऱ्यांत ती 'ऑटो'मध्ये चालत नाही. तबकडी फिरवून किंवा मेनूत जाऊन 'पी' निवडावा लागतो. अधिककडे नेलं की फोटो उजळतो, उणेकडे नेलं की गडद होतो. दारातल्या अध्यक्षताईंसाठी +१ करून बघा. कॅमेऱ्यात चेहरा ओळखण्याची सोय असेल तर तीही चालू ठेवा. मग तो अंगणापेक्षा चेहऱ्याकडे जास्त लक्ष देतो.

इथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. रंगीत फिल्मचा जमाना होता तेव्हा कोडॅक कंपनी छपाईचे रंग जुळवण्यासाठी एका गोऱ्या बाईचा नमुना फोटो प्रयोगशाळांना पाठवायची. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. त्या गोऱ्या रंगावर सगळं बेतलेलं, त्यामुळे सावळ्या माणसांचे चेहरे फोटोत नीट उठत नसत. म्हणजे फोटो काळा आला तर दोष आपल्या रंगाचा कधीच नव्हता. उजेड कुणासाठी मोजला, हा प्रश्न होता. आता ते मोजमाप बदलायचं बटण आपल्या हातात आहे. तेव्हा 'मी काळी, माझा फोटो नको' असं म्हणून मागं सरणाऱ्या मैत्रिणीला पुढं बोलवा आणि अधिकचं बटण दाबा.

पांढऱ्याला अधिक, काळ्याला उणे

हीच खोड मालाच्या फोटोतही दिसते. उन्हाळ्यात पांढऱ्या धोतरावर कुरडया, तांदळाचे पापड वाळत घातलेत. सगळंच पांढरं. कॅमेऱ्याला राखाडी हवं असतं, म्हणून तो पांढऱ्याचं राखाडी करून टाकतो. गिऱ्हाईक फोटो बघतं आणि म्हणतं, पापड जुने दिसतात. उलट कारळ्याची चटणी किंवा काळी शेळी असेल तर कॅमेरा काळ्याचंही राखाडी करतो आणि माल फिकट, उडालेला दिसतो.

म्हणून एवढं पाठ करा: पांढऱ्याला अधिक, काळ्याला उणे. पापड, कुरडई, ज्वारीचं पीठ, दूध, कापूस यांना +१. कारळं, काळा मसाला, काळं घोंगडं यांना −१. एक फोटो काढा, पडद्यावर बघा, कमी-जास्त करा. फिल्म संपायची भीती आता नाही.

रंगाचंही तसंच. बल्बच्या पिवळ्या उजेडात हळद आणि मिरची दोन्ही नारिंगी दिसतात. त्यासाठी कॅमेऱ्यात उजेडाचा प्रकार निवडायची सोय असते. इंग्रजीत तिला 'व्हाइट बॅलन्स' म्हणतात. सूर्य, ढग, बल्ब, ट्यूबलाइट अशी चित्रं असतात. ज्या उजेडात फोटो काढताय ते चित्र निवडायचं. पण त्याहून सोपं म्हणजे मालाचा फोटो सकाळी किंवा दुपार उतरल्यावर ओट्यावर, सावलीत काढावा. अशा मऊ उजेडात प्लास्टिकची पिशवी चमकत नाही आणि लेबलवरची अक्षरं वाचता येतात. पिशवीबंद मालाला आणि वहीच्या पानाला फ्लॅश मारू नका. मधोमध पांढरा डाग पडतो.

'उमेद' अभियानाचं महालक्ष्मी सरस प्रदर्शन मुंबईत भरतं, तिथे गिऱ्हाईक पिशवी हातात घेऊन, उलटसुलट करून, वास घेऊन बघतं. पण घरी बसून मागणी देणाऱ्या बाईसमोर फक्त फोटो असतो. मालाची पहिली पारख ती फोटोवरूनच करते.

फुलाचं चिन्ह: जवळच्या वस्तूसाठी

कॅमेऱ्यावर एका फुलाचं चिन्ह असतं. ते अगदी जवळच्या फोटोसाठी. साध्या स्थितीत कॅमेरा दीड-दोन फुटांपेक्षा जवळ नेला की धूसर येतं. फुलाचं चिन्ह चालू केलं की बरेच कॅमेरे चार-पाच बोटांइतक्या अंतरावरूनही स्पष्ट फोटो काढतात. अट एकच, झूम करायचा नाही. नळी आत असू द्या आणि कॅमेराच वस्तूजवळ न्या. सावली वस्तूवर पडत नाही ना, तेवढं बघा.

याचा उपयोग कुठे? आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं जपलं, बियाणं बँक उभी केली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि 'बीजमाता' म्हणून त्यांचं नाव देशभर गेलं. त्यांच्यासारखंच काम आपल्या गटात कुणी करत असेल, तर वालाच्या एका वाणाचं बी दुसऱ्यापासून कसं वेगळं आहे, त्यावरचा ठिपका कुठे आहे, डोळा कसा आहे, हे फुलाच्या चिन्हानं टिपता येतं. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे आकार कळतो, आणि चिठ्ठीवर वाणाचं नाव व गावाचं नाव लिहून तीही फोटोत घ्या. पिकावरच्या किडीचा असा फोटो कृषी सहायकांना दाखवला, तर 'पानावर काहीतरी बारीक बारीक आहे' असं सांगण्यापेक्षा नेमका सल्ला मिळतो.

झूम, हात आणि अंधार

झूमचे दोन प्रकार असतात. एक खरा, ज्यात नळी पुढे सरकते. दुसरा खोटा, ज्यात कॅमेरा चित्राचा मधला तुकडा नुसता ताणून मोठा करतो. जुनी साडी ताणली की विरते, तसा तो फोटो विरतो. झूम करताना पडद्यावर एक पट्टी दिसते. त्या पट्टीवर मध्ये खूण असेल तर खुणेच्या पुढे जाऊ नका. मेनूत 'डिजिटल झूम' बंद करता येतो, तो एकदाच बंद करून टाका. जमेल तिथे आपणच दोन पावलं पुढे जावं.

खोलीत उजेड कमी असला की पडद्यावर थरथरत्या हाताचं चिन्ह येतं. कॅमेरा सांगतो, मला जास्त वेळ डोळा उघडा ठेवावा लागतोय, हलू नका. अशा वेळी कोपर अंगाला चिकटवा, भिंतीला टेका, नाहीतर कॅमेरा धान्याच्या पोत्यावर किंवा डब्यावर ठेवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा. टायमरचं चिन्ह घड्याळाचं असतं. बोटाच्या धक्क्यानं जो हादरा बसतो तो टायमरनं टळतो. दहा सेकंदांचा टायमर गटाच्या फोटोसाठी ठेवा, म्हणजे फोटो काढणारीही फोटोत येते. नाहीतर वर्षभर सगळ्यांचे फोटो काढणारी मैत्रीण एकाही फोटोत नसते.

'आयएसओ' नावाचा एक आकडा असतो. तो वाढवला की कमी उजेडातही फोटो येतो, पण चित्रावर रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात. बाहेर उन्हात १००, सावलीत २००, खोलीत ४००. लहान कॅमेऱ्यात ८०० च्या पुढे शक्यतो जाऊ नये.

फोटो जेव्हा पुरावा होतो

आता ज्यासाठी हे सगळं शिकायचं त्याकडे येऊ. आपल्या भागात गारपीट, अवकाळी पाऊस नवा नाही. काढणीला आलेला कांदा शेतात झोडपला जातो. पंचनाम्याला माणूस येईपर्यंत पाणी ओसरतं, किंवा रान मोकळं करावं लागतं. अशा वेळी आवरायला घेण्याआधी तीन फोटो काढा. पहिला लांबून: शेत ओळखू येईल असा, विहीर, घर किंवा विजेचा खांब दिसेल असा. दुसरा मधल्या अंतरावरून: नुकसान किती सऱ्यांत आहे ते दाखवणारा. तिसरा जवळून, फुलाच्या चिन्हावर: फुटलेली पात, मार बसलेला कांदा, शेजारी मोजपट्टी. फोटो पंचनाम्याची जागा घेत नाही. पण बोलताना आपल्या हातात काहीतरी असतं.

यासाठी कॅमेऱ्याची तारीख बरोबर हवी. बॅटरी बरेच दिवस काढून ठेवली की घड्याळ मागे जातं आणि कालची गारपीट दहा वर्षांपूर्वीची दिसते! म्हणून कॅमेरा बाहेर काढला की आधी तारीख-वेळ तपासा. फोटोच्या फाईलमध्ये ही तारीख आपोआप नोंदली जाते. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो लहान होतो आणि ही आतली नोंद निघून जाते. पुराव्याचा फोटो पाठवायचा असेल तर तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, आणि मूळ फोटो जपून ठेवा. एक लक्षात असू द्या: रोजगार हमीच्या कामावरची हजेरी आणि घरकुलाचे टप्पे यांचे फोटो सरकारी अॅपमधूनच, ठिकाणाच्या नोंदीसह घेतले जातात. तिथे आपल्या कॅमेऱ्याचा फोटो चालत नाही. तो आपल्या फाईलला राहू द्यावा.

दुसरा पुरावा कामाचा. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारचं नाव सगळ्यांना माहीत आहे. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले आणि पुढच्या काळात गावानं डोंगरावर समतल चर खोदले, झाडं लावली, पाणी अडवलं. आज तिथे जाणाऱ्याला हिरवा डोंगर दिसतो. आधीचा उघडा डोंगर डोळ्यांना दिसत नाही. तो जुन्या फोटोत किंवा सांगणाऱ्याच्या तोंडीच राहतो. आपल्या गटाच्या परसबागा, शोषखड्डे, बांधावरची झाडं यांचंही तेच होणार आहे. म्हणून काम सुरू करण्याआधीचा फोटो हवा. जिथे उभं राहून तो काढला तिथे दगडाची खूण करा. पुढचा फोटो त्याच दगडावर उभं राहून, तेवढाच झूम ठेवून, तेच झाड किंवा तीच भिंत चौकटीत घेऊन काढा. दोन फोटो शेजारी ठेवले की वेगळं भाषण करावं लागत नाही.

विचारून काढा, जपून ठेवा

फोटो काढण्याआधी विचारायचं. 'काढू का गं?' एवढं पुरे. नको म्हणाली तर नको. किशोरवयीन मुलींचे फोटो आईला आणि मुलीला, दोघींना विचारल्याशिवाय कुठेही पाठवू नका. आधार कार्ड, पासबुक, कर्जाच्या नोंदीची पानं यांचे फोटो गटाच्या फाईलसाठी काढले तरी ते मोबाईलच्या ग्रुपवर टाकायचे नाहीत.

कॅमेऱ्याची काच पदरानं पुसू नका. पदरावरची धूळ काचेवर चरे पाडते. आधी फुंकर मारा, मग चष्म्याच्या मऊ कापडानं पुसा. मळणीच्या धुरळ्यात कॅमेरा उघडा ठेवू नका. दोरी मनगटात अडकवल्याशिवाय हातात घेऊ नका. कार्ड काढण्याआधी कॅमेरा बंद करा. कार्डाच्या कडेला एक बारीक खटका असतो. तो चुकून सरकला की फोटो साठवलेच जात नाहीत आणि आपण समजतो कॅमेरा बिघडला. पेन्सिल सेलवर चालणारा कॅमेरा असेल तर साधे सेल लवकर संपतात. चार्ज होणारे सेल घेतलेले परवडतात. फोटोचा आकार मोठाच ठेवा. चार बाय सहा इंचांच्या चांगल्या छपाईला साधारण दोन मेगापिक्सेल पुरतात, पण फलक करायचा झाला तर जास्त लागतात. दर महिन्याला ग्रामसंघाच्या संगणकावर किंवा पेनड्राइव्हवर फोटो उतरवा आणि फोल्डरला महिना, वर्ष, गाव असं नाव द्या.

कॅमेरा हे पुरुषांचं काम, असं अजून कुणाला वाटत असेल तर होमाई व्यारावाला यांचं नाव सांगा. १९१३ साली जन्मलेल्या होमाईबाई मुंबईत शिकल्या आणि देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या गेल्या. साडी नेसून, जड कॅमेरे वागवत त्यांनी स्वातंत्र्याच्या काळातली दिल्ली टिपली. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. त्यांच्या कॅमेऱ्याच्या मानानं आपला कॅमेरा म्हणजे खेळणं.

तर मैत्रिणींनो, या महिन्याच्या बैठकीला कॅमेरा चार्ज करून आणा. आधी तारीख लावा. मग प्रत्येकीनं तीन फोटो काढायचे: एक मैत्रिणीच्या चेहऱ्याचा, उजेड तिच्या तोंडावर घेऊन. एक पांढऱ्या वस्तूचा, +१ करून. एक बियाचा किंवा पानाचा, फुलाच्या चिन्हावर. सगळ्या मिळून बघा, कुणाचा का चांगला आला ते बोला, आणि इतिवृत्तात एक ओळ लिहा: आज कॅमेरा कोणाच्या ताब्यात दिला आणि पुढच्या महिन्यात फोटो कोण काढणार. दर महिन्याला हात बदलू द्या. वर्षभरात गटातल्या सगळ्याजणींना कॅमेरा येईल.